‘कमावलेले शरीर’ आणि उतारवय

मराठीत शरीर ‘घडवतात’, ‘बांधतात’ आणि ‘कमावतात’. यांपैकी तिसरा प्रयोग तालमीच्या बोलीत विशेष रूढ आहे. ‘कमावणे’ हे क्रियापद संस्कृत ‘कर्म’, प्राकृत ‘कम्म’ या परंपरेतले असून श्रमाने एखादी वस्तू उपयोगी अवस्थेस आणणे हा त्याचा व्यापक अर्थ होय. या अर्थाने कातडे कमावतात आणि मशागत करून जमीनही कमावतात. आज मात्र या शब्दासरशी पैसा प्रथम मनात येतो. त्यामुळे तारुण्यात कमावलेले बळ पेढीवरील ठेवीसारखे असते, ते म्हातारपणी बसून खाता येते, अशी एक समजूत नकळत रुजते. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पुरुषांचे स्नायुबळ सामान्यतः विशी-तिशीत परमावधीस पोहोचते, पुढे काही काळ टिकते आणि पन्नाशीनंतर त्याची घट स्पष्ट जाणवू लागते. या घटीत एक क्रम आहे. स्नायूंचे आकारमान जितक्या वेगाने कमी होते, त्याहून अधिक वेगाने बळ कमी होते. आणि बळ झटक्याने वापरण्याची क्षमता त्याहूनही आधी उणावते. पाठीच्या कण्यातील काही चेतापेशी वयोमानाने नष्ट होतात. त्यांच्या ताब्यातील काही स्नायुतंतूंना शेजारच्या चेतापेशी सांभाळून घेतात, उरलेले तंतू नाहीसे होतात. जलद आकुंचन पावणारे तंतू या झिजेत विशेष सापडतात. ठेच लागताच तोल सावरण्याचे काम याच तंतूंवर अवलंबून असल्यामुळे वृद्धांच्या पडण्याचा या घटीशी निकटचा संबंध आहे.

ही घट सर्वांना लागू असली तरी सर्वांचा आरंभबिंदू एक नसतो. हवाई बेटांपैकी ओआहू येथील जपानी वंशाच्या पुरुषांची पाहणी या दृष्टीने उद्बोधक आहे. १९६५ ते १९७० या काळात ४५ ते ६८ वर्षे वयाच्या पुरुषांच्या हाताच्या पकडीचे बळ मोजण्यात आले. त्यांपैकी त्या वेळी निरोगी असलेल्या ६,०८९ पुरुषांविषयीचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. मध्यम वयात ज्यांची पकड सर्वांत दुबळ्या तृतीयांशात मोडत होती, त्यांना सुमारे २५ वर्षांनी स्वतःची नित्यकर्मे करता न येण्याचा धोका सर्वांत बळकट तृतीयांशातील पुरुषांच्या दुपटीहून अधिक असल्याचे आढळले. तथापि पकडीचे बळ केवळ व्यायामाने ठरत नाही. अनुवंश, बालपणीचे पोषण आणि व्यवसाय यांचाही त्यात वाटा असतो. म्हणून या पाहणीवरून एवढेच म्हणता येईल की, जो उंचावरून उतरू लागतो तो असहायतेच्या पायरीवर उशिरा पोहोचतो.

वजन उचलण्याच्या स्पर्धांत उतारवयातही भाग घेणाऱ्या पुरुषांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यातही असेच चित्र दिसते. वर्षागणिक घटीचा वेग त्यांच्यात व इतरांत जवळजवळ सारखाच होता. परंतु पायांच्या झटक्याच्या क्षमतेत हे स्पर्धक आपल्याहून सुमारे वीस वर्षांनी लहान अशा सामान्य पुरुषांच्या बरोबरीचे ठरले. व्यायामाने उतार थांबला नाही, तो वीस वर्षे लांबला. मात्र या पुरुषांनी व्यायाम सोडलेला नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

मग ज्यांनी सोडला, त्यांचे काय? या प्रश्नाचे उत्तर हाड आणि स्नायू यांबाबत वेगवेगळे द्यावे लागते. हाडासंबंधीचा पुरावा अमेरिकेतील बेसबॉलपटूंच्या अभ्यासातून मिळतो. चेंडू फेकणारा हात तारुण्यात प्रचंड ताण सोसतो, दुसरा हात सोसत नाही. एकाच देहातील दोन दंडांच्या हाडांची तुलना केल्यास अनुवंश व आहार यांतील फरकाचा प्रश्नच उरत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, खेळ सोडल्यानंतरही हाडाच्या वाढलेल्या आकाराचा सुमारे अर्धा आणि वाढलेल्या मजबुतीचा सुमारे एक-तृतीयांश लाभ आयुष्यभर टिकून राहिला. वाढत्या वयात हाड बाहेरच्या अंगाने रुंदावते. पुढील झीज मुख्यतः आतल्या बाजूने होत असल्यामुळे ही रुंदी शिल्लक राहते.

स्नायूंचे तसे नाही. तालीम सुटली की ‘पैलवानाचे अंग सुटले’ असे म्हणतात. यावरून स्नायूंचीच चरबी होते असा समज पसरला आहे, पण तो निराधार आहे. स्नायू आणि मेद या भिन्न ऊती असून एकीचे दुसरीत रूपांतर होत नाही. मेहनत थांबते व खुराक चालू राहतो. स्नायू रोडावतात आणि मेद साठतो, इतकेच घडते. तरीही जुन्या मेहनतीची काही खूण मागे उरत असावी. स्नायुतंतूत अनेक केंद्रके असतात व भार वाढला की त्यांची संख्या वाढते. नॉर्वेतील संशोधकांनी २०१० साली उंदरांवरील प्रयोगांत दाखवले की, पुढे स्नायू रोडावला तरी ही जादा केंद्रके तीन महिन्यांनंतरही टिकून होती. पूर्वी व्यायाम केलेल्यास गमावलेले बळ लवकर परत मिळते, या अनुभवाचे कारण त्यात असू शकेल. माणसाच्या बाबतीत मात्र याविषयी अद्याप मतभेद आहेत.

येथे भाषेची आणखी एक लकब विचारात घेण्याजोगी आहे. ‘वडील आता फार थकले’ या वाक्याचा अर्थ वडील वृद्ध झाले असा होतो. थकव्यावर उपाय विश्रांती. साहजिकच घरची माणसे प्रेमापोटी वृद्धाच्या हातून पाण्याची कळशी काढून घेतात, त्याला जिना चढू देत नाहीत. परंतु वार्धक्यातील दौर्बल्य म्हणजे थकवा नव्हे. न वापरलेला स्नायू विश्रांतीने ताजा होत नाही, तो अधिकच रोडावतो. १९९० साली बोस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बल वृद्धाश्रमवासीयांना, वैद्यकीय देखरेखीखाली, आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या मांडीच्या स्नायूंचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. ज्यांना केवळ ‘थकलेले’ म्हटले गेले असते, त्यांचे स्नायू मेहनतीला अजूनही प्रतिसाद देत होते.

सारांश, ‘कमावणे’ या क्रियापदाचे जुने अर्थच या विषयाला अधिक जवळचे आहेत. हाड काही अंशी कमावलेल्या कातड्यासारखे आहे. योग्य वयात केलेला संस्कार त्यावर दीर्घकाळ टिकतो. स्नायू कमावलेल्या जमिनीसारखा आहे. आधीच्या मशागतीचा गुण तीत उरतो, पण पीक हवे असेल तर दर साली नांगर धरावाच लागतो. पेढीवरील ठेवीचे रूपक मात्र दोहोंनाही लागू पडत नाही. तरुणपणी आखाडा गाजवलेल्या पुरुषाने त्या भरवशावर पुढची तीस वर्षे बसून काढू नयेत. आणि ज्याने तरुणपणी काहीच कमावले नाही, त्यानेही वेळ गेली असे मानू नये.