आईला धाप, बाळाला धोका

अकलोलीच्या कुंडांवर पहाटेपासून माणसं उतरतात. तानसाकाठचं हे गरम पाणी दुखणी पळवतं, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास. पण गरोदर बाई तापाने फणफणली असेल, तर तिने या पाण्यात मुळीच बसू नये. अंगातला ताप आणखी चढतो, आणि पहिल्या काही आठवड्यांत तर बाळाचा मेंदू नि मणका घडत असतो.

फ्लू किंवा कोविड छातीत उतरला, तर धोका आणखी वाढतो. पोट वाढू लागतं तसं गर्भाशय श्वासपटलाला वर रेटतं. फुफ्फुसांना पसरायला जागा कमी पडते. त्याच वेळी प्राणवायूची गरज मात्र सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली असते. आईच्या रक्तातला प्राणवायू घटला, की वारेतून बाळाला मिळणारा वाटाही घटतो. म्हणूनच विषाणू स्वतः बाळापर्यंत न पोहोचताही बाळ दिवस भरण्याआधी जन्मू शकतं, वजनाला कमी भरू शकतं.

२००९ च्या स्वाइन फ्लूत ब्रिटनमध्ये बाधित झालेल्या २५६ गर्भवतींची पाहणी झाली. जन्मतः मृत किंवा पहिल्या आठवड्यात दगावलेली बाळं त्यांच्यात हजारी ३९ होती. एरवीच्या मातांमध्ये ७.

मुंबईच्या नायर रुग्णालयाचा अनुभवही हेच सांगतो. कोविडच्या पहिल्या लाटेत तिथे नोंदल्या गेलेल्या १,१४३ गर्भवती आणि बाळंतिणींपैकी ०.७ टक्के दगावल्या. दुसऱ्या लाटेतल्या ३८७ जणींपैकी ५.७ टक्के. गर्भवतींना कोविडची लस घेण्याची मुभा मिळाली ती त्यानंतर, २ जुलै २०२१ रोजी.

कोविडचा विषाणू वार ओलांडतो, पण क्वचित. २०२० मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात असं एक बाळ जन्मलं. त्याच्या नाकातल्या स्रावात, नाळेत आणि वारेतही विषाणू सापडला. दोन-तीन दिवसांत बाळ तापाने मलूल झालं, पण उपचारांनी सावरलं.

फ्लूवरचं ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं, तर सर्वाधिक गुण देतं. तेव्हा घरगुती काढ्यांत दोन दिवस घालवू नका. आशाताईंकडचा ऑक्सिमीटर बोटाला लावून पाहा. आकडा ९५ च्या खाली आला, धाप लागली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर तडक भिवंडीचं इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय गाठा. बाळंतपणानंतर आई आजारी असली, तरी मास्क लावून, हात धुऊन बाळाला अंगावर पाजावं; दुधातून त्याला प्रतिपिंडं मिळतात.

आणि ताप येण्याची वाट न पाहता, पुढच्या तपासणीलाच डॉक्टरांकडे फ्लूच्या लशीचं विचारा. ही लस आईला वाचवते, आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळालाही.