ईस्टरचे अंडे: अंगणातले आणि बाजारातले

सणाच्या पक्वान्नांचा विचार बहुधा रुचीच्या अंगाने केला जातो. वस्तुतः अशा पदार्थांमागे बहुतेकदा एक घरगुती अर्थशास्त्र दडलेले असते. ईस्टरचे खाद्यपदार्थ हे त्याचे बोलके उदाहरण होय.

ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. मध्ययुगीन युरोपात या काळात मांस, दूध व अंडी वर्ज्य मानीत. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स पंथात हा कडक नियम आजही आहे. परंतु उपवास माणसे करतात, कोंबड्या करीत नाहीत. उलट वसंत ऋतूत त्या अधिकच अंडी घालतात. साठत जाणाऱ्या या नाशवंत जिनसांचे करायचे काय, हा प्रश्न गृहिणीपुढे उभा राही. ईस्टरची पक्वान्ने हे बऱ्याच अंशी त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

ग्रीसमध्ये पवित्र गुरुवारी अंडी उकडून लाल रंगवितात. तो रंग ख्रिस्ताच्या रक्ताचे प्रतीक मानला जातो. शनिवारच्या मध्यरात्रीनंतर कोकराच्या काळीज-आतड्यांचे 'मागिरित्सा' हे सूप पिऊन उपवास सोडतात आणि रविवारी कोकरू भाजतात. वाया काहीच जात नाही. रशियात चक्क्यासारख्या घट्ट दह्यात लोणी व अंडी मिसळून, साच्यात दाबून ख्रिस्ताच्या समाधीच्या आकाराचा 'पास्खा' करतात. पोलंडमध्ये अंडी, पाव, मीठ व मांस टोपलीत घालून शनिवारी चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरमध्ये पवित्र सप्ताहात भोपळा, खारवलेला मासा आणि बारा प्रकारची धान्ये-कडधान्ये यांचे 'फानेस्का' नावाचे दाट सूप शिजते. बारा ही संख्या ख्रिस्ताच्या प्रेषितांची, कडधान्ये मात्र शेतातली. श्रद्धा आणि काटकसर येथे हातात हात घालून नांदतात.

एकोणिसाव्या शतकात यंत्रयुगाने या व्यवस्थेत प्रवेश केला. 1873 मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने आणि 1875 मध्ये कॅडबरीने चॉकलेटची पोकळ अंडी बाजारात आणली. गणित येथे उलटले. पूर्वी शिल्लक संपविण्यासाठी सण होता. आता सणासाठी मालाची मागणी निर्माण होऊ लागली. शिवाय हा माल अंगणातला नव्हे. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट व घाना या दोन पश्चिम आफ्रिकी देशांत पिकतो.

या अंतराची किंमत 2024 च्या ईस्टरला स्पष्ट झाली. 31 मार्चच्या त्या सणाच्या आठवड्यात न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कोकोचा भाव टनाला 10,000 डॉलरवर गेला. त्याच वेळी आयव्हरी कोस्टच्या शेतकऱ्याला सरकारने ठरविलेला दर किलोला 1,000 फ्रँक, म्हणजे टनाला सुमारे 1,650 डॉलर मिळत होता. बराचसा माल आगाऊ करारांनी जुन्या भावात विकला गेला होता. एप्रिलमध्ये दर 1,500 फ्रँक झाला, तरी दरी राहिलीच. बांधील दरामुळे भाव कोसळल्यास शेतकऱ्याला आधार मिळतो, हे खरे. पण तेजीचा वाटा हाती येण्यास विलंब होतो, हेही तितकेच खरे.

चॉकलेटचे अंडे निषिद्ध ठरवावे, असे कोणी म्हणणार नाही. मात्र भावातील वाढीचा निश्चित हिस्सा त्याच हंगामात उत्पादकापर्यंत पोहोचेल, अशी करारपद्धती सणाच्या बाजाराने स्वीकारणे अगत्याचे आहे. अंगणातल्या अंड्याची पैदास करणारी गृहिणी निदान त्या पंगतीत बसत असे. कोको पिकविणाऱ्याच्या वाट्याला तेवढा न्याय तरी यावा.