मुद्द्यावरून गुद्द्यावर येऊ नये म्हणून

विज्ञान म्हणजे सर्वमान्य उत्तरांची यादी, अशी विद्यार्थ्यांची समजूत पाठ्यपुस्तकांमुळे होऊ शकते. प्रत्यक्षात त्यातली कितीतरी उत्तरे कडाक्याच्या वादांतून आलेली आहेत. वाद पेटला की सर्वांचे लक्ष वक्त्यांकडे जाते. पण तो मुद्द्यावर राहणार की गुद्द्यावर येणार, हे बरेचसे अध्यक्षांच्या हाती असते. दोन प्रसंग पाहू.

३० जून १८६० रोजी ऑक्सफर्डमध्ये ब्रिटिश असोसिएशनची सभा भरली होती. डार्विनचे उत्क्रांतीवरील पुस्तक निघून जेमतेम सात महिने झाले होते आणि सभागृह खचाखच भरले होते. अध्यक्ष होते हेन्स्लो. ते डार्विनचे केंब्रिजमधील गुरू आणि स्वतः धर्मोपदेशक. शिष्याचा सिद्धान्त त्यांना पटलेला नव्हता. तरी त्यांनी अट घातली, की ज्याच्यापाशी युक्तिवाद असेल त्यानेच बोलावे. नुसती भाषणबाजी करणाऱ्यांना त्यांनी थांबवले. बिशप विल्बरफोर्स यांना सिद्धान्तावर टीका करता आली, तशीच हक्सली आणि हुकर यांना तिला उत्तरे देता आली.

दुसरा प्रसंग ११ जानेवारी १९३५ चा, लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीतला. इंधन संपलेला तारा आकसतो, तेव्हा इलेक्ट्रॉनांचा दाब त्याला सावरू शकतो आणि श्वेतबटू तारा तयार होतो. मात्र वस्तुमान एका मर्यादेपलीकडे असेल तर हा दाब अपुरा पडतो, असे २४ वर्षांच्या चंद्रशेखर यांनी गणिताने मांडले. ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे. लगेच ज्येष्ठ शास्त्रज्ञ एडिंग्टन उठले आणि त्यांनी या निष्कर्षाची खिल्ली उडवली. चंद्रशेखर यांना उत्तर द्यायचे होते, पण अध्यक्षांनी पुढचा निबंध पुकारला. काही वर्षांनी चंद्रशेखर यांनी हा विषय बाजूला ठेवला. पुढे त्यांचे म्हणणे मान्य झाले आणि १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एडिंग्टन यांचा आक्षेप बरोबर की चूक, हे ठरवणे अध्यक्षांचे काम नव्हते. त्यांना गप्प बसवण्याचीही गरज नव्हती. आक्षेपाला उत्तर देण्यासाठी पाच मिनिटे दिली असती, तरी पुरे होते.

वर्गात आपल्यालाही ही खुर्ची सांभाळावी लागते. 'जड वस्तू आधी खाली पडते का?' यावर मुले हमरीतुमरीवर आली, तर आपले मत थोडा वेळ खिशात ठेवावे. वादाचा मुद्दा फळ्यावर लिहावा. मुद्दा सुटला की नुसते फळ्याकडे बोट दाखवावे. उत्तर देणाऱ्याने आधी समोरच्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत सांगावे आणि 'हो, मला हेच म्हणायचे आहे' असे समोरच्याने म्हटल्यावरच पुढे जावे. 'तुला काय कळतंय?' असा शेरा आला, तर शेरा तिथेच थांबवावा, बोलणाऱ्याला नव्हे. 'कशावरून?' असे त्याला विचारावे. आवाज चढलेच, तर सर्वांना दोन मिनिटे आपापले कारण वहीत लिहायला सांगावे. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाने कोणाला खोडून काढले, तर त्या दुसऱ्या मुलाला उत्तराची संधी आवर्जून द्यावी.

शेवटी हात वर करायला लावून निकाल मात्र लावू नये. १९३५ साली त्या सभागृहात हात मोजले असते, तर चंद्रशेखर बहुधा हरलेच असते. त्याऐवजी मुलांना विचारावे, 'कोणता प्रयोग केला म्हणजे हे ठरेल?' मग तो प्रयोग दोन्ही बाजूंच्या मुलांकडून मिळून करून घ्यावा.