तिबिलिसीतील जीवाणुभक्षकांचे भांडार

जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी येथे १९२३ साली स्थापन झालेली एलियावा संस्था रोगकारक जीवाणूंना मारणाऱ्या विषाणूंचा अभ्यास गेली शंभर वर्षे करीत आली असून, प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू बळावू लागल्यापासून तिच्या अडगळीत पडलेल्या विद्येकडे जगाचे लक्ष पुन्हा वळले आहे. अशा प्रतिरोधक जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात थेट ओढवलेले मृत्यू सुमारे १२ लाख ७० हजार असावेत, असा अंदाज ‘द लॅन्सेट’ने २०२२ साली प्रसिद्ध केला.

जीवाणुभक्षक विषाणू, म्हणजेच बॅक्टेरिओफेज किंवा थोडक्यात फेज, जीवाणूला चिकटतो, आपले जनुकद्रव्य त्याच्या आत सोडतो, त्याच पेशीकडून स्वतःच्या प्रती तयार करवून घेतो आणि अखेर ती पेशी फोडून बाहेर पडतो. प्रतिजैविक एकाच वेळी अनेक जातींच्या जीवाणूंवर चालते. फेजचे भक्ष्य मात्र बहुधा एका जातीच्या काही वाणांपुरते मर्यादित असते. म्हणून रुग्णाच्या जखमेतून किंवा लघवीतून मिळवलेला जीवाणू आधी अगारच्या थाळीवर पसरून वाढवतात, त्यावर संग्रहातील निरनिराळ्या फेजचे थेंब सोडतात आणि थाळी रात्रभर उबवतात. सकाळी दुधाळ थरात ज्या थेंबाखाली स्वच्छ, पारदर्शक ठिपका पडलेला दिसतो, तो फेज त्या जीवाणूवर चालतो असे समजतात. एकही ठिपका पडला नाही, तर नव्या फेजचा शोध सांडपाण्यात आणि नदीच्या पाण्यात घ्यावा लागतो, कारण जीवाणू जेथे विपुल तेथेच त्यांचे भक्षकही विपुल असतात. जीवाणू बदलत राहतात, त्यामुळे संस्थेची आतड्यांच्या विकारांवरील आणि पू धरणाऱ्या संसर्गांवरील मिश्रणेही वेळोवेळी नव्याने जुळवावी लागतात.

या विद्येचा उगम कोणत्याही एका देशात झाला नाही. आग्र्यातील अर्नेस्ट हॅन्किन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जीवाणू टिकत नाहीत असे १८९६ साली नोंदवले होते, मात्र त्यामागे फेजच होते की काय, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. १९१७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फेलिक्स देरेल यांनी आमांशाच्या जीवाणूंना नष्ट करणाऱ्या अदृश्य घटकाला ‘बॅक्टेरिओफेज’ हे नाव दिले, आणि पुढे भारतात येऊन पटकीवर त्याचे प्रयोग केले. पॅरिसमध्येच त्यांचा जॉर्जियन जीवाणुशास्त्रज्ञ गिओर्गी एलियावा यांच्याशी स्नेह जुळला. त्या स्नेहापोटी देरेल १९३३ नंतर काही काळ तिबिलिसीत येऊन राहिले आणि तेथे त्यांनी संशोधन केले. परंतु १९३७ साली स्टालिनच्या राजवटीने एलियावांना गोळ्या घालून मारले, आणि देरेल पुन्हा तिबिलिसीला आले नाहीत.

त्यानंतरही संस्था सोव्हिएत आरोग्यव्यवस्थेसाठी फेज पुरवीत राहिली, मात्र पेनिसिलिननंतर प्रतिजैविकांवर विसंबलेल्या पाश्चात्त्य जगाशी तिचा संबंध जवळजवळ तुटला. १९६३-६४ मध्ये तिबिलिसीत सहा महिने ते सात वर्षे वयाच्या ३०,७६९ मुलांवर झालेल्या चाचणीत रस्त्याच्या एका बाजूच्या घरांतील मुलांना आमांशाचा फेज दिला गेला आणि दुसऱ्या बाजूच्या मुलांना नाही. फेज न घेतलेल्या मुलांत आमांशाचे प्रमाण ३.८ पट आढळले. दुसऱ्या देशांत तशीच चाचणी करून पाहणारे कोणी नसल्याने हा निष्कर्ष दीर्घकाळ सोव्हिएत वर्तुळातच अडकून राहिला.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर वीज वारंवार जाऊ लागली आणि शीतकपाटे बंद पडून संग्रहाचा काही भाग नष्ट झाला. त्या पडत्या काळात अमेरिकेतील एव्हरग्रीन महाविद्यालयाच्या एलिझाबेथ कटर यांच्यासारख्या संशोधकांनी तिबिलिसीशी संपर्क वाढवला, आणि पुढे भारतासह अनेक देशांतील रुग्ण संस्थेच्या उपचारकेंद्राची वाट धरू लागले.

या सहकार्याचे सर्वांत मोलाचे फळ मात्र एका निराशाजनक निष्कर्षात आहे. स्विस आणि जॉर्जियन संशोधकांनी मिळून तिबिलिसीतील मूत्रविकाराच्या रुग्णांवर यादृच्छिक चाचणी केली, म्हणजे कोणाला कोणता उपचार मिळावा हे नशिबावर सोपवले. लघवीतील जीवाणू नाहीसे होण्याचे प्रमाण फेज दिलेल्या २८ रुग्णांत १८ टक्के, औषधविरहित द्रावाने मूत्राशय धुतलेल्या ३२ रुग्णांत २८ टक्के आणि प्रतिजैविक घेतलेल्या ३७ रुग्णांत ३५ टक्के आढळले. तिन्ही गटांतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरण्याइतका नव्हता, तरी औषधविरहित द्रावापेक्षा फेज सरस असल्याचे सिद्ध झाले नाही, हे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालातून स्पष्ट झाले.

एलियावा संस्थेचे खरे धन म्हणजे तिचा संग्रह आणि तो चालता ठेवणारी हातोटी. परंतु शंभर वर्षांच्या अनुभवाला औषधाचा दर्जा मिळायचा असेल, तर तो अनुभव अनेक देशांच्या प्रयोगशाळांत आणि रुग्णालयांत पुनःपुन्हा तपासला गेला पाहिजे, आणि ते काम आता कोठे सुरू झाले आहे.