डब्यातली नाचणी लपते का?

वेल्हे भागात खाचरात भात आणि डोंगरउतारावर नाचणी, वरई ही पिढ्यान्‌पिढ्यांची पिकं. पण पोराच्या ताटात काय पडतं, हे घर कोणतं यावरही ठरतं. धनगरवाड्यावर दूध-ताक अन् भाकरी. कातकरी वस्तीवर पावसाळ्यात चिंबोऱ्या, मासे, टाकळा-कुरडूची भाजी. रस्त्याकडेच्या नोकरदाराघरी चपाती, नाहीतर चहा-बिस्किट.

शालेय पोषण आहार १९९५ साली सुरू झाला, तेव्हा ८० टक्के हजेरीवर महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न शाळेत आलं. पंगतीत सगळ्यांचं ताट सारखं, त्यामुळे लाजायचं कारण नाही. हा आहार आठवीपर्यंतच. नववीपासून डबा न्यावा लागतो, अन् तिथे काळी भाकरी झाकणाआड जाते. "नाचणी गरिबाचं खाणं" हे पोरं मोठ्यांकडूनच शिकतात. काही जण तर डबाच नेत नाहीत.

वास्तविक १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम दहा. हाडं भरायच्या वयात, विशेषतः मुलींनी, हीच भाकरी टाकायची हा तोट्याचा व्यवहार आहे.

उपाय घरचेच आहेत. नाचणीला मोड आणून, वाळवून दळा. गूळ-तीळ घालून लाडू करा. पालकसभेत नाचणीचा विषय काढा. पाहुणा आला की भाकरी झाकू नका, पोरं बघत असतात. आणि यंदा नाचणी लावाल तेव्हा घरापुरती राखून मगच उरलेली विका.