दगडावरचा चौकोन सांगतो शहराची उंची

पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसले आहे, हे पुणेकरांना शाळेपासून पाठ असते. मात्र ही उंची कोठून मोजली आणि कोठे नोंदवून ठेवली, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. ती नोंद दगडावर असते. जुन्या पुलाचा कठडा, सार्वजनिक इमारतीचे जोते किंवा रस्त्याकडेचा उघडा कातळ अशा ठिकाणी छिन्नीने कोरलेला लहानसा चौकोन, त्याच्या वर 'जी.टी.एस.' आणि खाली 'बी.एम.' ही इंग्रजी अक्षरे दिसली, तर तो सर्वेक्षण खात्याचा बेंचमार्क समजावा. अशा खुणा शोधण्याचा छंद ब्रिटन-अमेरिकेत चांगलाच रुळला आहे. अमेरिकेत तर हौशी शोधकांनी कळविलेली माहिती सरकारी भूमापन संस्था आपल्या दप्तरी घेते.

'जी.टी.एस.' म्हणजे ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे. विल्यम लॅम्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून हे काम सुरू केले. १८२३ मध्ये नागपूरकडे जाताना त्यांचा हिंगणघाट येथे मृत्यू झाला. उंची मोजण्याचे अतिसूक्ष्म काम १८५८ पासून हाती घेण्यात आले. मुंबईच्या अपोलो बंदरासह नऊ बंदरांतील भरती-ओहोटीच्या नोंदींवरून सरासरी समुद्रसपाटी ठरविण्यात आली व १९०९ मध्ये देशभरच्या उंचींचा मेळ घालण्यात आला. नागपूरच्या 'झिरो माइल'जवळील बेंचमार्कची नोंद १०२०.१७१ फूट अशी आहे. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंतचा हा आकडा त्या काळच्या कामाची शिस्त सांगून जातो.

शोधकाची खरी कसोटी खूण ओळखण्यात लागते. पुण्यात जीपीओजवळ असलेला 'झिरो स्टोन' रस्त्यांची अंतरे मोजण्यासाठी होता. उंचीशी त्याचा संबंध नाही. टेकडीमाथ्यावर कातळात कोरलेले वर्तुळ आणि मधोमध बिंदू असेल, तर ते त्रिकोणमापनाचे स्थानक. ते जागा सांगते, तर बेंचमार्क उंची. छावणीच्या हद्दीचे दगड आणि शेताच्या बांधावरचे भूमापनाचे दगड आणखी वेगळे. बाणाची खूण ब्रिटिश सरकार आपल्या कोणत्याही मालमत्तेवर उमटवीत असे, तेव्हा केवळ बाण पाहून हुरळून जाऊ नये.

शोधाची सुरुवात नकाशापासून करावी. सर्वेक्षण विभागाच्या जुन्या ५० हजारी मापाच्या नकाशांत पुण्याचा मोठा भाग '४७ एफ/१४' या पत्रकात येतो. त्यावर 'बी.एम.' अक्षरांपुढे उंची छापलेली असते. उंची मोजणारी पथके बहुधा जुने रस्ते व लोहमार्ग धरून जात, त्यामुळे नव्या वसाहतींपेक्षा जुन्या रस्त्यांवरच्या मोऱ्या, पूल अधिक फलदायी ठरतात. लष्करी व रेल्वेच्या हद्दीत मात्र परवानगीवाचून पाऊल टाकू नये.

जीपीएसने जागा सापडते, पण उंचीच्या बाबतीत ते चकवते. उपग्रह पृथ्वीच्या गणिती आकारापासून उंची मोजतात, समुद्रसपाटीपासून नव्हे. पुण्याच्या परिसरात या दोन उंचींत साठ मीटरहून अधिक फरक पडतो आणि दुरुस्ती न केलेले यंत्र शहराला तेवढे खाली दाखवते.

हे सारे केवळ हौसेपुरते नाही. मुठेची निळी आणि लाल पूररेषा, धरणांची पातळी, सांडपाण्याच्या नळांचा उतार हे सारे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर ठरते. पूररेषेच्या कडेला घर असणाऱ्यासाठी अर्धा मीटर इकडे की तिकडे, हा फार मोठा प्रश्न आहे. दुर्दैवाने रस्तारुंदीकरणात पहिला घाव पडतो तो अशाच मोऱ्यांवर नि कठड्यांवर. दगड हौसेने उचलून दुसरीकडे मांडला, तरी त्यावरची उंची खोटी ठरते. शिवाय सरकारी खूण हलविणे हा कायद्याने गुन्हा आहे.

त्यामुळे खूण सापडल्यास तिला रंग लावू नये, छिन्नीने उजाळू नये. मऊ कुंचल्याने माती झाडावी, जवळून आणि दुरून छायाचित्रे घ्यावीत, आजूबाजूच्या दोन-तीन पक्क्या वस्तूंपासूनची अंतरे टेपने मोजावीत आणि ही माहिती भारतीय सर्वेक्षण विभागाकडे पाठवावी. महाराष्ट्र-गोव्यासाठीचे विभागाचे कार्यालय पुण्यातच आहे.