परवाना, पिस्तूल आणि खिशातला चाकू

मध्य प्रदेशात बंदुकीचा कायदा महाराष्ट्रापेक्षा सैल आहे, ही समजूत आधी सोडून द्यायला हवी. शस्त्रं हा राज्यघटनेनुसार केंद्राचा विषय. त्यामुळे अमेरिकेसारखे राज्याराज्यांचे वेगळे बंदूक-कायदे आपल्याकडे नाहीत. इंदूरला, जळगावला, पुण्याला १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे नियमच लागू. शेतीवाडी असणाऱ्यालाच परवाना मिळतो, हेही खरं नाही. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारता येत नाही, असं कलम १४ म्हणतं. परवाना कुठल्या हद्दीत चालतो हे मात्र त्याच्यावरच लिहिलेलं असतं. बंदूक घेऊन महाराष्ट्रात लग्नाला निघण्याआधी ते वाचा.

‘परवाना आहे, मग लपवायचं कशाला?’ म्हणत पिस्तूल कमरेला दिसेल असं खोचणारे कायदा उलटा समजून बसले आहेत. नियम ३२ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हत्यार म्यानात, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यातच हवं. वरातीत ते नुसतं उगारायलाही मनाई आहे. आनंदाच्या भरात कुणाच्या जिवाला धोका होईल असा बार काढला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीसारख्या गावांतून येणारा गावठी कट्टा ‘फक्त घरात ठेवला’ तरी सुटका नाही. वापरला नाही, ही सबबच चालत नाही. बिनपरवाना बाळगणं हाच गुन्हा.

मला खरी काळजी वाटते ती चाकूची, कारण त्यात कोवळी मुलं अडकतात. ‘चाकूला कसला आलाय परवाना?’ असं त्यांना मनापासून वाटतं. पण केंद्राच्या याच अधिनियमाच्या आधारे मध्य प्रदेशात १९७४ ची एक अधिसूचना आहे. सार्वजनिक जागी ६ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार बाळगायला तिने बंदी घातली. खटका दाबताच उघडणाऱ्या चाकूला तर मापाची सवलतच नाही, पातं केवढंही असो. दोष सिद्ध झाला तर १ ते ३ वर्षं कैद. म्हणूनच जप्तीच्या पंचनाम्यात पात्याची लांबी-रुंदी नोंदवलेली असणं फार महत्त्वाचं ठरतं. वकिलाने पहिल्यांदा तेच पाहावं. वाढदिवसाच्या फोटोसाठी मागवलेला बटणाचा चाकू खिशात घालून मुलगा बाहेर पडत असेल, तर आईवडिलांनी त्याला दारातच थांबवावं.

आणि आजोबांची बंदूक. आजोबा गेले, बंदूक कपाटात राहिली, दसऱ्याला पूजा होते. घरच्यांना वाटतं, वारशाने ती आपलीच झाली. पण परवाना वारशाने मिळत नाही. परवानाधारक गेल्यावर हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं, मग वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. त्याहून बरा मार्ग आजोबा असतानाच खुला असतो : वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं जवळ असलं, की ते हयातीतच वारसाचं नाव सुचवू शकतात. एका परवान्यावर आता ३ ऐवजी २ च बंदुका चालतात आणि वारशाची बंदूकही त्यातच मोजली जाते. जमा करताना हत्याराचा क्रमांक लिहिलेली पावती मागून घ्या.